मंडईसाठी स्वस्तातली प्राइम (झूम नसलेली) लेन्स: २५, ३० की ३५ एमएम?

शाईचेबोट

नमस्कार मंडळी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात डीटीपीचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि गाईडं जुळवायची, त्यामुळे सकाळचे दोन तास तेवढे माझे. सोनी ए६००० आहे, मामेभावाने विकायला काढला तेव्हा घेतलेला, सोबत १६-५० एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी झूम. सातला मंडईत जाते, रविवारी जुन्या बाजारात.

अडचण मंडईच्या आतली. दगडी इमारतीत गाळ्यावर एकेक दिवा, बाकी अंधार. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि फोटो रवाळ होतो. कोथिंबिरीची जुडी फेकणारा हात म्हणजे नुसता हिरवा फराटा. दुसरं म्हणजे ही लेन्स पॉवर झूमची. कॅमेरा चालू केला की ती सावकाश बाहेर येते, तोवर लिंबूवाल्या आजी पदर सावरून, पाठ ताठ करून बसलेल्या असतात. गेला तो फोटो.

बजेट १५ हजार, बोनस आला तर १८. सोनीची स्वतःची ३५ एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) परवडत नाही. कानावर आलेली नावं अशी: विल्ट्रॉक्सच्या एअर मालिकेतल्या २५ आणि ३५ एफ १.७, टीटीआर्टिझनची २७ एफ २.८ ऑटोफोकस, सेव्हनआर्टिझन्सची २५ एफ १.८ मॅन्युअल (फोकस हाताने करायची), आणि सेकंडहँड मिळाली तर सिग्मा ३० एफ १.४. यूट्यूबवरचे सगळे जण एकाच कुत्र्याच्या डोळ्यावर फोकस करून दाखवतात. मला कुत्रा काढायचा नाहीये. काय घेऊ?

जुनानिगेटिव्ह

ताई, आधी माझंच थोडं रडगाणं. सांगलीला एकतीस वर्षं स्टुडिओ चालवला. पासपोर्ट, मुंजी, लग्नं. स्वतःच्या हौसेसाठी यशिका इलेक्ट्रो ३५ होती, तिला ४५ एमएम एफ १.७ कायमची बसवलेली. बदलायची सोयच नाही, त्यामुळे निवडायचा घोळही नाही. गणपती पेठेत कुठे उभं राहिलं की माणूस गुडघ्यापासून वर येतो, हे पायांना पाठ झालं होतं.

डिजिटल घेतल्यावर अक्कल गहाण पडली. एफ ०.९५ असं कोरलेली एक स्वस्त लेन्स घेतली (नाव सांगत नाही, दोष माझाच) आणि सहा महिने तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवून हिंडलो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत एक डोळा धारदार आणि मागे रंगीत पिठलं. हळदीची पोती, तराजू, गाळ्याच्या पाटीवरचं नाव, सगळं त्या पिठल्यात. अहो, मंडईतली बाई काढायची आणि मंडईच पुसून टाकायची, तर मग त्या बाईला घरी बोलावून पडद्यापुढे बसवलेलं काय वाईट?

म्हणून म्हणतो, एफचा आकडा नंतर. आधी किती एमएम ते ठरवा (आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद), कारण त्यावर तुम्ही माणसापासून किती लांब उभ्या राहणार ते ठरतं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, तेव्हा जुन्या फिल्म कॅमेऱ्याशी ताडून बघायला आकड्याला दीडने गुणा. २५ ची ३७ होते, ३० ची ४५ (माझी यशिका!), ३५ ची ५२. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ प्रामुख्याने ५० वर काम करायचा हे खरं, पण तो पॅरिसच्या फूटपाथवर. मंडईच्या बोळात ३५ लावून मागे सरकायला गेलात तर कांद्याच्या ढिगात बसाल.

उन्हातलं गणितही पाहून ठेवा. २५ ची लेन्स एफ ८ वर, फोकस अडीच मीटरवर ठेवला तर साधारण दीड मीटरपासून जवळजवळ सात मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. तेच ३५ ने केलं तर १.९ पासून ३.७ पर्यंतच. जुन्या बाजारात त्या जास्तीच्या तीन मीटरांत कितीतरी काही घडतं.

विकत घेण्याआधी एक फुकटातलं काम करा. आतापर्यंतचे तुम्हाला आवडलेले फोटो काढा आणि त्यांच्या माहितीत एमएमचा आकडा बघा. नंतर आठवडाभर किट लेन्स २५ वर ठेवा, पुढचा आठवडा ३५ वर, झूमला हात लावायचा नाही. कॅमेरा बंद करून चालू केला की ती पुन्हा १६ वर जाते, तेव्हा दर वेळी आकडा बघून घ्या.

पहाटलोकल

काकांचं 'रंगीत पिठलं' 😂

मी पाचची लोकल पकडून दादरच्या फुलबाजारात जातो, २५ ची पूर्ण मॅन्युअल लेन्स वापरतो. स्वस्त आहे, लहान आहे, आणि गर्दीत कॅमेरा छातीशी धरून न बघता टिपता येतं. पण घेण्याआधी चार गोष्टी माहीत असू देत. अशा लेन्सला कॅमेऱ्याशी बोलणारे संपर्कच नसतात, त्यामुळे मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू केल्याशिवाय शटरच पडत नाही. मी पहिल्या दिवशी दुकानात परत घेऊन गेलो होतो, हसे झाले. फोकस पीकिंग लावून ठेवा, म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगीत दिसतात. फोटोच्या माहितीत एफचा आकडा उमटत नाही. आणि माझ्या लेन्सची अ‍ॅपर्चरची (एफचा आकडा बदलायची) रिंग खटखट न थांबता सरळ फिरते, पिशवीतून काढेपर्यंत एफ ८ चं एफ ३ झालेलं असतं. मी कागदी चिकटपट्टी लावली आहे. फोकसच्या रिंगवर अडीच मीटरला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका. (विचारून घेतलं होतं.)

तिरकाखांब

उन्हाचं सगळं मान्य, पण प्रश्न अंधाराचा आहे. मंडईच्या आत एफ ८ लावणार कसं? एफ १.७ च्या तुलनेत बावीसपट कमी उजेड. आणि एफ २ वर याल तेव्हा त्याच २५ एमएमला अडीच मीटरवर जेमतेम ८० सेंटीमीटरची पट्टी स्पष्ट राहते. नेलपॉलिशच्या ठिपक्यावर हलता हात पकडणं हे नशिबाचं काम. तिथे ऑटोफोकस हवाच.

माझं मत सेकंडहँड सिग्मा ३० एफ १.४. २०१६ पासून बाजारात आहे, त्यामुळे वापरलेले नग मिळतात. वजन २६५ ग्रॅम, ए६००० वर जरा पुढे झुकते, पण कॅमेराच साडेतीनशे ग्रॅमचा, उचलवेल.

मात्र सेकंडहँड घेताना स्वतःचा कॅमेरा घेऊन जा. मुंबईत आलात तर फोर्टला बोरा बाजारात दुकानांची रांगच आहे. मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, किंमत कितीही पाडली तरी घेऊ नका. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवून, समोर काटकोनात उभं राहून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे मऊ असतील तर चालतं. एकच कोपरा फिसकटलेला असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. स्वस्त लेन्स नवी घेतली तरी हे करा, परत करायची मुदत संपायच्या आत. हे मी तेरा हजार घालवून शिकलो.

जुनानिगेटिव्ह

तिरकाखांबांचं अंधाराचं म्हणणं बरोबर. मी उन्हातला माणूस, सांगलीकर. ताई, मंडईसाठी ऑटोफोकसच घ्या. पण १.४ आणि १.७ मध्ये अर्ध्या स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), त्यासाठी जास्तीचे शंभर ग्रॅम आणि अनोळखी माणसाची लेन्स घ्यायची का, ते बघा. २७ एफ २.८ छान आटोपशीर असते, खिशात जाते, पण एफ २.८ ने तुमचं आताचं दुखणं अर्धंच बरं होईल.

पहाटलोकल

एक राहिलं. तिसऱ्या कंपनीच्या ऑटोफोकस लेन्सला फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतात. विल्ट्रॉक्सला माउंटवरच (लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे) यूएसबी-सी असतं, टीटीआर्टिझनच्या २७ ला मागच्या झाकणात. ते झाकण हरवू नका. आणि पालखीला जाणार असाल तर या किमतीत पावसापासून बचाव धरून चालू नका. दुधाची पिशवी धुऊन, पुढे भोक पाडून, रबरबँड लावला की लेन्सला इरलं तयार.

शाईचेबोट

सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलेलं मोजलं. मला आवडलेले ६४ फोटो निघाले. त्यातले ४१ चक्क १६ वर! म्हणजे मी झूम वापरतच नव्हते, लेन्स उघडली तशी टिपत होते. मग लक्षात आलं की या ४१ पैकी बहुतेक सगळे मी नंतर कापलेले आहेत. कडेची स्कूटर, कुणाचा तरी अर्धा दंड, वरचा पत्रा. कापून उरलेली चौकट मापली तर साधारण २४-२५ ची निघते. २४ मेगापिक्सेलमधले दहाच ठेवत होते आणि वर रवाळ म्हणून तक्रार करत होते.

आठवडाभर २५ वर राहिले, झूमला हात नाही. पहिले दोन दिवस प्रत्येक फोटोत माणूस लहान. तिसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे गेले तर लिंबूवाल्या आजी म्हणाल्या, "आता काय मांडीवर बसतीस का?" ३५ चा आठवडा पूर्णच केला नाही. बोळात पाठीला हमालाची पाटी लागली, तिथेच निकाल लागला.

तर २५ एफ १.७ ऑटोफोकस घेतली, नवी, बिलासकट. बोनसला हात लागला. किट लेन्स २५ वर एफ ४ च्या पुढेच असते, त्यामुळे उजेड पाच-सहापट वाढला, आयएसओ आता १२५० च्या आसपास राहतो. वर्तमानपत्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं, आईने विचारलं रंगकाम काढलंयस का. चारही कोपरे ठीक आहेत.

कोथिंबिरीचा हात काल मिळाला. जुडी हवेत आहे, मागे तराजू दिसतोय, आणि गाळा नंबर वाचता येतोय. आजींना पहिला फोटो छापून दिला. त्यांनी तो लिंबांच्या टोपलीत उभा करून ठेवला आणि म्हणाल्या, पदर नीट नाही आलाय, परत काढ.

जुनानिगेटिव्ह

परत काढा. पण हा फाडू नका.