तारीख आणि वेळ लिहिण्याच्या तऱ्हा : तुमचे अनुभव सांगा

०३/०४/२०२४ ही तारीख आपण ३ एप्रिल अशी वाचतो, तर अमेरिकेत ती ४ मार्च ठरते. हा घोळ टळावा म्हणून १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे मानक आले. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस येतो. भारतीय मानक ब्यूरोनेही ते आयएस ७९०० म्हणून स्वीकारले आहे. प्रत्यक्ष व्यवहारात काय घडते, ते कृपया लिहावे.

न्यू जर्सी : मुलीच्या लसीकरण कार्डावर पहिला डोस १०/०५/२०२३ आणि दुसरा ०७/०६/२०२३ असा होता. इथल्या परिचारिकेने ५ ऑक्टोबर आणि ६ जुलै असे वाचल्यामुळे दुसरा डोस पहिल्याच्या आधी दिल्याचे दिसू लागले. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांकडून महिन्यांची नावे अक्षरांत लिहिलेले पत्र मागवावे लागले.

निवृत्त बँक कर्मचारी, सांगली : एका शिक्षकांनी धनादेशावर ‘१५ फाल्गुन १९४०’ अशी तारीख घातली होती आणि काउंटरवरचा तरुण सहकारी तो परत करायला निघाला होता. राष्ट्रीय शक पंचांगाची तारीख असलेला धनादेश ग्राह्य धरावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असल्याचे मी त्याला दाखवले. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या या दिनदर्शिकेत तिथी नसतात. त्यामुळे १५ फाल्गुन म्हणजे होळीची पौर्णिमा नव्हे, तर सरळ ६ मार्च २०१९. शासनाने स्वतःची दिनदर्शिका राजपत्र आणि आकाशवाणीपुरती न ठेवता शाळेतही नीट शिकवली असती, तर ही वेळ आली नसती, असे मला वाटते.

भुसावळ : तिकिटावर १६ तारीख, ००:२० असे छापलेले असते आणि घरचे मात्र ‘सोळाची रात्र’ म्हणून एक दिवस उशिरा स्टेशनवर जायला निघतात. आमच्या आजीला यात दोष देता येत नाही, कारण पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे.

हिशेबनीस, पुणे : संगणकातील फायलींच्या नावांत वर्ष आधी घातले की यादी आपोआप कालक्रमाने लागते, म्हणून तिथे मी मानकच पाळतो. छापील बिलावर मात्र ग्राहकांच्या सवयीप्रमाणे दिवस आधी आणि महिना अक्षरांत लिहितो.