प्रतिसाद: उत्साह ओसरल्यावरचं समर्पण

बाप्तिस्म्याच्या वेळचा उत्साह काही वर्षांत ओसरतो, मग ते समर्पण खरं होतं का, असा प्रश्न वर आला आहे. मला वाटतं, उत्साहावरून समर्पण मोजूच नये.

पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र काही वर्षांनी सापडला, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत सांगितलं. एवढ्या विद्वान बाईने हे मोकळेपणाने लिहावं, याचा मला फार आधार वाटतो. मधल्या वर्षांत त्या मागे फिरल्या नाहीत, शोधत राहिल्या.

त्यानंतरचं त्यांचं आयुष्य म्हणजे रोजचं काम. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' हा त्यांचा आश्रम उभा राहिला. इतक्या जणींचं जेवण, आजारपण, शिक्षण, सगळं प्रार्थनेच्या भरवशावर. त्यातच हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर त्यांनी हाती घेतलं. आश्रमातल्या बायकांनीच छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवले, छपाई केली.

1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कामाचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा, तीच आधी गेली. स्वतःची प्रकृतीही खालावलेली होती. तरी रमाबाईंनी बायबलचं काम सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर पूर्ण झालं होतं.