रेझोनेटर गिटारचं एवढं वेड का असतं लोकांना?

मंद्रसप्तक:
मंडळी एक शंका. मी सहा-सात वर्षं साधी अकूस्टिक वाजवतोय, हल्ली जुने ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) ऐकायचा नाद लागलाय. परवा सन हाउस ह्या ब्लूज गायकाचा साठच्या दशकातला एक व्हिडिओ बघितला, हातात चकचकीत डब्यासारखी गिटार आणि माणूस तिला वाजवतोय की बडवतोय तेच कळेना, पण अंगावर काटा आला. ही म्हणे रेझोनेटर, आवाज मोठा यावा म्हणून काढलेली. मग अँप (गिटारचा आवाज विजेवर वाढवणारं यंत्र) येऊन जमाना झाला तरी लोक आयुष्यभर हिलाच का चिकटून बसतात? खरंच काही वेगळं आहे की नुसती चमक? हसू नका.

काचेची_नळी:
हसत नाही, मीही इथूनच सुरुवात केली होती. 1920 च्या दशकात बँडमध्ये ब्रास, ड्रम, बँजो, त्यात गिटारवाल्याचा नुसता हात हलताना दिसायचा. जॉर्ज बीचम म्हणून हवाईयन पद्धतीनं (गिटार मांडीवर आडवी ठेवून) वाजवणारा एक स्टेज कलाकार होता, तो ह्याला वैतागून लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा ह्या कारागिराकडे गेला. डोपेरानं पातळ अ‍ॅल्युमिनियमचे तीन कोन (आइस्क्रीमचा असतो तसा, भूमितीतला नाही) गिटारच्या पोटात बसवले आणि वर टी आकाराचा ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी. तारेची थरथर लाकडी पाटीऐवजी थेट कोनात जाते, स्पीकरच्या पडद्यासारखं काम, फक्त वीज लागत नाही. ही ट्रायकोन, नॅशनल कंपनीची, 1927 ची. बॉडी जर्मन सिल्व्हरची, त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं निकेल आणि जस्त. मग यथावकाश भांडणं झाली, डोपेरा बाहेर पडला आणि भावांना घेऊन डोब्रो ही कंपनी काढली. डोपेरा ब्रदर्स म्हणून डोब्रो, आणि त्यांच्या स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे चांगलं, नाव ठेवावं तर असं!

पत्र्याची_पेटी:
इतिहास छान पण ‘आयुष्यभर चिकटून’ हे मला पटत नाही. टॅम्पा रेड हा ब्लूजवाला घ्या, सोन्याचा मुलामा दिलेली ट्रायकोन घेऊन ‘सोनेरी गिटारवाला’ म्हणून मिरवला (चमकेचं म्हणशील तर ती होतीच रे), आणि पुढे तोच इलेक्ट्रिककडे वळला. अहो बीचमच बघा ना, ज्यानं रेझोनेटरचा हट्ट धरला त्यानंच 1930 च्या सुरुवातीला रिकनबॅकरबरोबर ती तव्यासारखी इलेक्ट्रिक गिटार काढली, आणि रिकनबॅकर म्हणजे नॅशनलला धातूच्या बॉड्या करून देणारा. सन हाउसनं तर कित्येक वर्षं वाजवणंच सोडलेलं, 1964 ला रॉचेस्टरमध्ये पोरांनी शोधून काढला तेव्हा त्याचीच गाणी त्याला परत बसवायला अ‍ॅलन विल्सन ह्या तरुण पोराची मदत लागली.

खर्ज:
पेटीराव, मुद्दा बरोबर आहे पण मग हे बघा की ज्यांना अँप सहज मिळत होता तेही परत हिच्याकडेच आले, म्हणजे लाउडनेस सोडून काहीतरी आहेच. माझ्या मते ते सूर विझण्यात आहे. कोन हलका, त्यामुळे तारेतली ताकद पटकन बाहेर फेकली जाते, सूर एकदम अंगावर येतो आणि लगेच उतरायला लागतो. त्याला धरून ठेवायचं तर स्लाइड (तारांवरून सरकवायची काचेची किंवा धातूची नळी) हलवत राहावं लागतं आणि त्या हलण्यातूनच तो रडका, माणसाच्या गळ्यासारखा आवाज येतो. एकाच कोनाची बिस्किट ब्रिजवाली (कोनाच्या टोकावर लाकडी चकती, तिच्यावर ब्रिज) जास्त भुंकते, ट्रायकोन गोड आणि लांब गाते, म्हणून टॅम्पा रेडचा एका तारेवरचा स्लाइड इतका रेशमी लागतो. उलट बुका व्हाइट ह्या ब्लूज गायकाची ड्युओलियन ऐका, स्टीलची, नॅशनलच्या धातूच्या गिटारींमधली सगळ्यात स्वस्त, ओपन ट्यूनिंग (तारा न दाबता छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशा जुळवणं) लावून तो तिच्यावर अक्षरशः रेल्वे चालवायचा. तिला त्यानं ‘हार्ड रॉक’ असं नाव ठेवलेलं. 1963 मध्ये लोकांनी त्याला परत शोधलं, नंतर पुन्हा नॅशनल घेऊन जगभर फिरला. ह्याला वेड नाही तर काय म्हणणार?

मंद्रसप्तक:
सूर विझण्यात हे भारी आहे, आत्ता परत ऐकलं आणि खरंच दर सुराच्या मागे तो धावतोय असं वाटतं. तर मग घेऊ का एक? आणि लाकडी की धातूची??

काचेची_नळी:
दोन्ही वाजवून बघ, पण ब्लूजच डोक्यात असेल तर एक कोनाची बिस्किटवाली. जुनी मिळाली तर आधी प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर (फ्रेटवर) वाजव, भुणभुण आली तर बहुतेक वेळा कोन नीट बसलेला नसतो किंवा कुठला तरी स्क्रू ढिला असतो. पण उघडून स्वतः उद्योग करू नकोस, कोन इतका मऊ असतो की अंगठ्यानं चेपतो. स्लाइडसाठी तारा जाड लाव आणि थोड्या उंच ठेव, नाहीतर स्लाइड पडद्यांवर खटाखट आपटते.

पत्र्याची_पेटी:
आणि धातूचीच घेणार असशील तर पट्टा रुंद घे, साडेतीन किलोच्या आसपास वजन असतं. मी अरुंद पट्ट्यावर तासभर उभा राहून वाजवली होती, दुसऱ्या दिवशी मान वळेना.