अनुभव धागा : अहमदाबादच्या कोटाआत दोघांचे दोन दिवस

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे अहमदाबादला जेमतेम दोन दिवसांसाठी गेलो आणि साबरमतीपलीकडच्या नव्या शहराचा बेत सोडून देऊन दोन्ही दिवस जुन्या शहरातच राहिलो. अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेले हे शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर ठरले, आणि हा मान मिळालेले ते भारतातले पहिलेच शहर. कोटाची भिंत आता बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. दरवाजे मात्र भर रहदारीत उभे आहेत, आणि त्यांच्या आत शिरले की रस्ते एकदम अरुंद होतात.

मला सांगायचे आहे ते तीन दरवाजाबद्दल. भद्रच्या किल्ल्यासमोरच्या या तीन कमानींखालून दिवसभर कपड्यांचे, चपलांचे फेरीवाले आणि रिक्षा वाहत असतात. तिथे एक दिवा तेवत असतो. लक्ष्मी शहर सोडून जाऊ नये म्हणून तो लावला जातो, आणि तो सांभाळण्याचे काम एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे, असे तिथे सांगतात. त्याच दरवाजावर देवनागरीत कोरलेली एक शिळा आहे. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले, पुढे पेशवे आणि गायकवाड यांनी ते वाटून घेतले, हे शाळेत कधीतरी वाचले होते. पण मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ मध्ये इथे हुकूम काढला की मुलीला बापाच्या मिळकतीतला वाटा विनाअडथळा द्यावा, आणि न देणाऱ्या हिंदूने महादेवाला व मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा, हे मला त्या दिवशी ती शिळा वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या घराच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली. जबरदस्ती कोणी केली नव्हती, पण तुला काय वाटते असे विचारलेही कोणी नव्हते. मान वर करून मी ती झिजलेली अक्षरे लावत असताना हे माझी पर्स धरून शेजारी उभे होते. थोड्या वेळाने ते एवढेच म्हणाले, "सही करायच्या आधी मी तरी विचारायला हवे होते." लग्नाला एकवीस वर्षे झाली, या विषयावर आम्ही पहिल्यांदा बोललो ते तिथे, एका पेरूवाल्याच्या गाडीशेजारी.

आपणही जोडीने हा कोट पाहिला असेल, तर काय पाहिलेत आणि काय मनात राहिले, ते इथे जरूर लिहावे.

नाशिकहून :
आम्ही दोघेही सत्तरीच्या आसपासचे. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघणारी वारसा फेरी आम्ही केली आणि ती जामा मशिदीपाशी संपेपर्यंत पुरी केली, ही सौ.च्या गुडघ्यांची कमाल आहे. पोळ म्हणजे एका वेशीआडची आळी : एकाला एक चिकटलेली घरे, लाकडी कोरीव खांब, नाक्यावर पक्ष्यांना दाणे टाकायचा चबुतरा, आणि कित्येक घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवायचे टाके. एका आजीबाईंनी आम्हांला आत बोलावून टाक्यावरचे पितळी झाकण उघडून दाखवले. खालून आलेला गार वास आमच्या जुन्या वाड्यातल्या आडासारखाच होता. कवी दलपतराम यांच्या घराच्या ओट्यावर त्यांचा बसलेला पुतळा आहे, सौ. त्याच्याच शेजारी टेकली आणि पाच मिनिटे उठलीच नाही. पुढे हाजा पटेलच्या पोळीत काळारामाचे मंदिर लागले. नाशिककराला परगावी काळाराम भेटावा, यापरते काय हवे? जामा मशीद १४२४ ची. तिचे मिनार १८१९ च्या भूकंपात पडले, पण आतले २६० खांब पाहताना मान दुखेपर्यंत आम्ही वर बघत राहिलो.

बडोद्याहून :
आमच्यासाठी अहमदाबाद म्हणजे एरवी कामापुरते जाऊन परतायचे गाव. त्या खेपेस मात्र मुद्दाम रात्री राहिलो, ते माणेकचौकासाठी. दुपारी जिथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो, तिथेच रात्री दुकाने मिटल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. ह्यांनी घुघरा सँडविच घेतले, मी फक्त कुल्फी. गर्दीत नीट बसता येत नाही, तरी जावेच.

ठाण्याहून :
आमची एक चूक सांगते. जुन्या हवेलीतली खोली म्हणून आम्ही जी ठरवली, ती प्रत्यक्षात कोटाबाहेरच्या एका नव्या इमारतीत निघाली, आणि पैसे परत मिळाले नाहीत. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी पोळीचे नाव विचारून घ्यावे. त्या भांडणात अर्धा दिवस गेला आणि हाती फक्त सिदी सय्यदची मशीद उरली. १५७३ मधल्या त्या मशिदीची झाडाच्या फांद्यांची जाळी आम्ही मागच्या बाजूने, उन्हे उतरताना पाहिली. एकमेकांत गुंतलेल्या त्या फांद्यांमधली एक फांदी डोळ्यांनी धरून तिचा उगम शोधायचा, असे आम्ही ठरवले. दोघांच्या फांद्या वेगवेगळ्या होत्या, आणि दोन्ही एकाच बुंध्यापाशी आल्या. सकाळपासूनचा अबोला तिथेच सुटला.