५० मीटर थ्री पोझिशनसाठी वापरलेली .२२ बोल्ट-ॲक्शन घेताना काय बघायचं?

करवीर_नेमबाज
१० मीटर एअर रायफलवरून ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेमबाजी) जायचं ठरतंय. क्लबची रायफल सगळ्यांच्या हातातली, तिचा स्टॉक (खांद्याला टेकतो तो सांगाडा) रोज कुणीतरी बदलून ठेवतो. नवीन घेणं झेपणार नाही. समोर दोन पर्याय आहेत, दोन्ही जर्मन आन्शुट्झ कंपनीच्या, ५४ ॲक्शनच्या (ॲक्शन म्हणजे बोल्ट बसतो तो, गोळी डागणारा भाग):
१) मॉडेल १९१३, लाकडी स्टॉक, बरीच चाललेली.
२) मॉडेल १९०७ ची बॅरल-ॲक्शन, पण नव्या ॲल्युमिनियम स्टॉकमध्ये. दिसायला एकदम झकास.
किंमत जवळपास सारखीच. कोणती घेऊ? आणि घरी वडिलांच्या परवान्यावर .३१५ बोल्ट-ॲक्शन आहे, निदान बोल्टचा हात बसवायला तरी ती चालेल का?

पंचगंगाकाठ
.३१५ चा विषय आधी मिटवू. ती ८ मिमीची सेंटरफायर (पिन गोळीच्या बुडाच्या मध्यावर आदळते). ५० मीटरला फक्त .२२ लाँग रायफल रिमफायर (पिन बुडाच्या काठावर आदळते) चालते, आणि .२२ साठी बांधलेल्या रेंजचा मागचा बांध .३१५ ची गोळी अडवेल असं धरून चालू नये. धक्का वेगळा, ट्रिगर वेगळा, उलट झटका द्यायची सवय लागेल. शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो दरवाजा बंदच आहे. दाजीपूरचं रान संस्थानकाळात शिकारीचं होतं, आज अभयारण्य आहे. .३१५ कपाटातच राहू द्या.

दहा_पूर्णांक_नऊ
स्टॉक बघून रायफल घेऊ नका. स्टॉक पुढंही बदलता येतो. बॅरल खराब निघाली तर सगळंच गेलं. त्यामुळं १९१३ की १९०७ हा प्रश्न नंतरचा. दोन्हींत ॲक्शन तीच, १९०७ ची बॅरल थोडी बारीक आणि हलकी, एवढ्यानं गुण जात नाहीत.

मालक समोर असताना क्लबच्या रेंजवर अशी तपासा:

बोल्ट काढा आणि बॅरलमध्ये मागून उजेड टाका. चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) पुढं, ६ वाजताच्या जागी, खडबडीत राखाडी पट्टा दिसतोय का? रिमफायरच्या प्रायमरमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात) काचेची पूड असते, ती तळाशी घासत राहते. चेंबरच्या तोंडाशी कार्बनचं कडं असेल तर घाबरू नका, ते साफ होतं. झिजलेलं परत येत नाही. मग पुढचं तोंड बघा, म्हणजे क्राऊन. तिथं ओरखडा असेल तर बहुधा कुणीतरी पुढून रॉड घालून साफ केलीय.

चेंबरच्या काठावर फायरिंग पिनचा ठसा शोधा. रिकामी रायफल ठोकून सराव केला की पिन काठावर आदळते आणि तिथं बारीक कंगोरा उठतो. मग गोळी आत बसताना अडते, केस (रिकामी पितळी नळी) बाहेर येताना ओरखडते. असा कंगोरा जाणकार गनस्मिथ काढू शकतो, पण किंमत पाडून मागायला ते कारण पुरेसं आहे.

रिकाम्या केसेस फेकू नका. २० केसेस ओळीत लावा: पिनचा ठसा प्रत्येकीवर त्याच जागी, तेवढाच खोल हवा. कुठं उथळ, कुठं खोल दिसला तर स्प्रिंग थकलीय. थकलेल्या स्प्रिंगनं गोळीचा वेग हलतो. १० मी/से फरक पडला की ५० मीटरवर गोळी साधारण ७ मिमी वरखाली जाते. नेमबाजाला वाटतं श्वास चुकला, आणि तो महिनाभर श्वासावर काम करत बसतो. दोष एका स्प्रिंगचा असतो.

आता ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा झुपका. बॅरल-ॲक्शन शिकंज्यात धरून मारा, खांद्यावरून नाही. किमान ४ वेगवेगळे लॉट घ्या (लॉट म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्या; कंपनी नव्हे, डब्यावरचा लॉट नंबर बघा). प्रत्येकाचे १०-१० चे ४ ग्रुप, म्हणजे लॉटमागं ४० गोळ्या. लॉट बदलला की पहिल्या १५-२० गोळ्या मोजू नका, आधीच्या गोळीचं मेण बॅरलमध्ये असतं. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी आणि गोळी ५.६, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असला की दहा. शिकंज्यात बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत १४-१५ मिमी ग्रुप आला तर बॅरल चांगली. एखाद्या लॉटला २२ च्या वर गेला तर त्या लॉटमधून दहा निसटणार. एकाही लॉटला १८ च्या खाली येत नसेल तर सोडून द्या, स्टॉक सोन्याचा असला तरी.

उजळाईवाडी_०७
बॅरलचं मान्य. पण "स्टॉक नंतर बदलता येतो" हे बोलायला सोपं. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पडून आणि उभं, प्रत्येकी २० गोळ्या, सगळं मिळून दीड तासात. मध्ये बट प्लेट (खांद्याला टेकते ती), चीकपीस (गालाचा आधार), हँडस्टॉप (पुढच्या हाताची अडण) सगळं हलवायचं असतं. जुन्या लाकडी स्टॉकवर खुणा नसतात, स्क्रू वेगवेगळ्या मापाचे, पाच मिनिटं तिथंच जातात. ॲल्युमिनियमवर आकडे कोरलेले असतात: पडून ४, उभं ११, वहीत लिहिलं की झालं.
दुसरं म्हणजे लाकूड. आपल्याकडं जुलैत हवा ओली, मार्चमध्ये कोरडी. लाकूड फुगतं, आकसतं, ॲक्शनची बैठक सरकते आणि ग्रुप दोन ठिकाणी पडायला लागतो.

दहा_पूर्णांक_नऊ
बैठक सरकते, खरं आहे. उपाय टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना). ॲक्शनचे दोन्ही स्क्रू एकाच मापानं आवळा, साधारण ४ ते ६ न्यूटन मीटरच्या टप्प्यात, आणि जिथं ग्रुप सर्वांत बारीक तो आकडा लिहून ठेवा. हाताच्या अंदाजानं आवळणं बंद. खुणांचं म्हणाल तर लाकडी स्टॉकच्या रेलवर स्टीलच्या पट्टीचा तुकडा चिकटवता येतो. दिसायला गचाळ, पण काम करतो.
उंची, हाताची लांबी जमत नसेल तर मात्र उजळाईवाडीचं बरोबर. बट प्लेट आत ढकलूनही मान पुढं ताणावी लागत असेल तर ती रायफल तुमची नाही.

शेंडापार्क
दोन गोष्टी राहिल्या. साइट: मागच्या साइटला २० क्लिक उजवीकडं द्या, ५ गोळ्या मारा, २० परत घ्या, पुन्हा ५. ग्रुप मूळ जागी आला पाहिजे. ढिली साइट वाऱ्यात रडवते. १ मी/से आडव्या वाऱ्यानं गोळी ५-६ मिमी सरकते, तिथं क्लिकवर भरवसा नसेल तर काय दुरुस्त करणार?
ट्रिगर: दोन टप्प्यांचा, १०० ग्रॅमच्या आसपास. कॉक करून बोल्ट जोरात बंद करा, बट जमिनीवर हळू आपटा. अर्थात रिकामी रायफल, चेंबर डोळ्यांनी बघून. आपोआप सुटला तर आधी दुरुस्ती. आणि सगळं लावून वजन ८ किलोच्या आत हवं, तपासणीत बाहेर जाल.

पंचगंगाकाठ
कागद. .१७७ एअर रायफलला (२० जूलच्या आत) परवाना लागत नव्हता, म्हणून बरेच जण इथं गाफील राहतात. .२२ ला लागतो, आणि कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नसल्यानं अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. खासगी मालकाकडून घेताना विकणाऱ्यानं ४५ दिवस आधी लेखी कळवायचं असतं. परवाना हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, आणि ॲक्शन, बॅरल, कागद तिन्हींवरचा नंबर जुळवून बघा.

करवीर_नेमबाज
मग शिकंज्यात दोन्ही मारून ठरवतो. एकच: पावसाळ्यात गंज कसा टाळायचा? लॉकरमध्ये भिंतीला ओल येते.

दहा_पूर्णांक_नऊ
फोमच्या पेटीत ठेवू नका, फोम ओल धरतो. सराव झाल्यावर बोर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून मागून एक तेलाचा पॅच (कापडाचा तुकडा), मग बाहेरून पुसून उभी ठेवा, तोंड खाली, म्हणजे तेल ॲक्शनमध्ये उतरत नाही. लॉकरमध्ये सिलिका जेल, दर पंधरवड्याला गरम करून परत. पुढच्या सरावाआधी कोरडा पॅच फिरवा, नाहीतर पहिल्या चार गोळ्या कुठं जातील सांगता येत नाही.