वायमार जर्मनीत फक्त महागाई नव्हती

वायमार जर्मनी, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचं आणि हिटलरच्या आधीचं जर्मन प्रजासत्ताक. तो काळ म्हणजे पोतंभर नोटा मोजून आणलेला पाव आणि त्यानंतर थेट हिटलर, असं काही जण म्हणतात. मला हे फार अपुरं वाटतं. १९१९ मध्ये तिथल्या स्त्रियांनी पहिल्यांदा राष्ट्रीय निवडणुकीत मतदान केलं, १९२७ मध्ये बेरोजगारी विम्याचा कायदा झाला.

वैद्यकाचं तर विचारूच नका. १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने, वरिष्ठांनी मनाई केलेली असताना, स्वतःच्या कोपराजवळची शीर उघडून त्यातून मूत्रमार्गासाठी वापरतात ती लांब नळी आत सरकवली. तशीच नळी घेऊन चालत एक्स-रेच्या खोलीत गेला आणि तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचा फोटो काढून घेतला. आज आपल्याकडे गावोगावी अँजिओग्राफी होते, तिची वाट इथून निघते. त्याला १९५६ मध्ये नोबेल मिळालं. पण हाच माणूस १९३२ मध्ये नाझी पक्षात गेला होता, हेही सांगायलाच हवं. त्या काळात प्रगती आणि विष एकाच घरात नांदत होतं.

आपल्या इरावती कर्वे त्याच सुमारास बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या, तेही वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली. कवट्या मोजून त्यांनी निष्कर्ष मांडला, की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही. गुरूच्या मताविरुद्ध, त्याच्याच संस्थेत. मला याचं फार अप्रूप वाटतं.