घरपट्टी १,२६० वरून थेट ४,३९०. सुनावणीला जाऊन काही होतं का?

वेशीजवळचा

नमस्कार मंडळी. आमची ब वर्ग नगरपरिषद. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं की लोक आधी 'तू कोणत्या गटाचा' ते विचारतात. परवा घरी चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या करआकारणीची नोटीस आली. आजवर घरपट्टी १,२६० होती. नोटिशीत करयोग्य मूल्य (ज्यावर कर बसतो ते घराचं वार्षिक मूल्य) १४,६४५ आणि सगळे कर मिळून ४,३९०. दोन दिवस आईला जेवताना दुसरा विषय नाही.

घर आजोबांनी १९७८ ला बांधलेलं. वीट-मातीच्या भिंती, वर पत्रा. नोटिशीत लिहिलंय 'आरसीसी', म्हणजे काँक्रीटचं. क्षेत्र ९२ चौ.मी., त्यातलं १४ चौ.मी. 'बिगरनिवासी'. हे बिगरनिवासी म्हणजे आमची पुढची खोली, तिथे आईचं शिलाई मशीन आहे. घरचं शिवते आणि गल्लीतल्या चार-सहा बायकांचे ब्लाउज. पाटी नाही, शटर नाही. गेल्या वर्षी एजन्सीची दोन पोरं टॅब घेऊन आली होती. एकाने दारातूनच फोटो मारला, दुसऱ्याने फीत धरल्यासारखं केलं. आईने त्यांना चहा पाजला आणि ब्लाउजच्या शिलाईचा भावही सांगितला. चहा बराच महागात पडला.

नोटिशीच्या मागे दर छापलेत, चौ.मी.ला महिन्याचे: आरसीसी निवासी १२, वीट-माती पत्रा निवासी ७, बिगरनिवासी ३०. हरकतीची मुदत संपायला ११ दिवस आहेत. शेजारचे काका म्हणतात सुनावणी म्हणजे फार्स, त्यापेक्षा नगरसेवकाला गाठ. मी कंपनीत शिफ्टला जातो, रजा टाकली की पगार कापतात. जाऊ का? आणि गेलो तर बोलू काय?

डीपीग्रस्त

जाऊ नकोस भावा. आमच्या शहराचा विकास आराखडा आला तेव्हा वडिलांच्या प्लॉटवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. ३० दिवसांत हरकत दिली, रीतसर बोलावणं आलं. समोर नियोजन समिती, स्थायी समितीचे तिघं आणि बाहेरचे तज्ज्ञ. वडील भाषण पाठ करून गेले होते. दीड मिनिटात 'आपलं म्हणणं नोंदवलंय, या आता'. आरक्षण जागच्या जागी, मैदान अजून झालेलं नाही, प्लॉटवर बाभळी. नोंदवलंय म्हणे.

वसुलीचा माणूस (निवृत्त)

वेशीजवळचे, तुम्ही जा. अर्ध्या दिवसाचा पगार गेला तरी चालेल. तीन नगरपरिषदांच्या करविभागात मिळून ३१ वर्षं काढली मी. चार आकारण्यांच्या सुनावण्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला रजिस्टर घेऊन बसलोय. त्यामुळे तिथे काय चालतं आणि काय चालत नाही, एवढं मला सांगता येईल.

डीपीग्रस्त, तुमचं दुःख खरं आहे, पण ती सुनावणी वेगळ्या कायद्याची, १९६६ च्या नगररचना अधिनियमाची. ती समिती अहवाल देते, पुढे आराखडा मंजूर करायचा अधिकार शासनाकडे. घरपट्टीची सुनावणी नगरपरिषद अधिनियम १९६५ खालची. इथे समोर बसलेला माणूस तुमच्या नोंदीत तिथल्या तिथे लाल पेन मारू शकतो. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो तिथेच घोळ होतो.

आता लोक येऊन काय बोलतात ते सांगतो. गटार तुंबलंय, पाणी चार दिवसाआड, दिवाबत्ती नाही, मग पट्टी कशाची? यातलं एक अक्षर खोटं नसतं. पण तो अधिकारी नगररचनेचा, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेला. गटार त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात चारच गोष्टी: मोजमाप, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वय आणि वापर. पाचवी गोष्ट निघाली की तो नुसता 'बरं' म्हणतो आणि आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, 'कर जास्त वाटतो'. या शेऱ्यावर एक रुपयाही कमी झालेला मला आठवत नाही.

तुमच्या नोटिशीचा हिशोब मी कागदावर मांडला. ७८ चौ.मी. × १२ रुपये × १२ महिने = ११,२३२. १४ × ३० × १२ = ५,०४०. बेरीज १६,२७२. त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा जाऊन १४,६४५. म्हणजे गणित बरोबर आहे, गणितात घातलेलं घर तुमचं नाही. ते कोणाचं आहे ते पाहायचं नाही, आपलं दाखवायचं.

काय करा: आधी करविभागातून जुना असेसमेंट उतारा, म्हणजे घराच्या आकारणीच्या नोंदीची नक्कल काढा. मागच्या आकारणीत 'वीट-माती, पत्रा' अशी नोंद असणारच, कारण आमच्या पिढीने हिंडून लिहिलंय ते. मग स्वतः फीत घ्या, दुसऱ्या टोकाला आईला उभं करा आणि बाहेरून बाहेरून मोजा. अंगण, उघडा ओटा, हिरवी जाळी मारलेली जागा यांतलं काय काय ९२ मध्ये शिरलंय ते शोधा. उपग्रहाच्या फोटोत जाळीसुद्धा छत दिसते. वापरासाठी वीजबिल न्या, मीटर घरगुती असेल तर तो तुमचा सगळ्यात बोलका साक्षीदार. छताचा फोटो आतून काढा, बाहेरून नको. आतून पत्रा आणि लाकडी वासे दिसले की आरसीसीवाला मुद्दा तिथेच संपतो.

अर्ज एका पानाचा, दोन प्रतीत. तीन मुद्दे, प्रत्येकासमोर आकडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लेखी हरकत नसेल तर सुनावणीच्या यादीत नाव येत नाही आणि मग तुम्ही कितीही खरे असा. आणि नगरसेवकाला भेटायचं तर भेटा, चहा प्या. यादीत लाल पेन मारायचा अधिकार त्याला नाही.

एक राहिलं. जुन्या मागणीची थकबाकी असेल तर ती भरून टाका. महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, तिला हरकतीचं सोयरसुतक नसतं.

माजी सदस्या, प्रभाग ७

वसुलीच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी २०१६ ते २०२१ नगरसेविका होते (वेगळ्या गावची, शोधू नका). लोकांच्या त्या गटाराच्या प्रश्नाला जागा कुठे आहे तेवढं सांगते, कारण तो प्रश्न चुकीचा नाही, त्याचं दार चुकतं.

दराची टक्केवारी वाढवायची किंवा नवा कर लावायचा तर सभेचा ठराव, जाहीर नोटीस, लोकांच्या हरकती, मग वरची मंजुरी. उपविधींचंही (पालिकेने स्वतः केलेल्या नियमांचं) तसंच, मसुदा आधी लोकांसमोर ठेवावा लागतो. आता ही जाहीर नोटीस कुठे लागते? पालिकेच्या फळ्यावर, जिथे विवाहनोंदणीच्या नोटिसा, निविदा आणि हरवलेल्या म्हशीचा कागद एकावर एक टाचलेला असतो. आणि एखाद्या पेपरात, लग्नाच्या जाहिरातींखाली. आमच्याकडे घनकचऱ्याच्या उपविधीवर हरकती मागवल्या तेव्हा मुदतीत एकही अर्ज आला नव्हता. नंतर बिलात 'उपयोगकर्ता शुल्क' ही ओळ छापून आली तेव्हा माझ्या दारात चाळीस माणसं.

अर्थसंकल्पाची सभा एकदा तरी जाऊन बघा. सभा लोकांना खुली असते, मागे बाकडी असतात, बसायला कोणी हरकत घेत नाही. पहिल्या वर्षी मी वही-पेन घेऊन गेले होते. लेखापालांनी पान क्रमांक वाचले, आकडे नाही. 'पान ३ ते ९ वाचले असे समजून मंजूर.' सूचक, अनुमोदक, टाळ्या, वडापाव. एवढं होऊन झालं की 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. खरे विषय तिथे असतात. विषयपत्रिकेत नसलेलं काम ऐनवेळी घुसवलं तर आपण काहीच वाचलेलं नसतं. दुसऱ्या वर्षी मी अशा एका ठरावाविरुद्ध नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, ठरावाला स्थगिती मिळाली. त्यानंतर सभागृहात माझ्या शेजारची खुर्ची बरेच दिवस रिकामी असायची.

पैशाचं म्हणाल तर लोकांना वाटतं घरपट्टीतून रस्ते होतात. तुमच्या पट्टीतला बराचसा पैसा दिवाबत्तीचं वीजबिल, पाण्याच्या पंपाचं बिल आणि कंत्राटी सफाईत जातो. जकात गेली, तिच्या बदल्यात येणारं सहायक अनुदान पगाराला. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आला की सगळे म्हणायचे आले पैसे, पण त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला-बालकल्याणासाठी राखायचे असतात. राज्याच्या योजनेतून रस्ता आणायचा तर स्वहिस्सा भरावा लागतो, आणि वसुली नसली की स्वहिस्सा नाही. म्हणून आकारणी वाढवायची घाई असते. एजन्सीच्या पोरांना चौरस मीटर सापडले की सगळे खूश.

आणि ही तुमची आकारणी प्रशासकाच्या काळात तयार झाली असणार. डिसेंबर २०२१ नंतर जवळजवळ चार वर्षं आमच्याकडे सभा म्हणजे एका माणसाची सही होती. सूचक तोच, अनुमोदक तोच. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन नवी बॉडी आली आहे, तर पहिल्या दोन-तीन सभांनाच जाऊन बसा. अजून लाजतात लोकांना.

कोथरूडकर

थोडं विषयाला सोडून. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा प्रकार आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, आपल्या भागातलं लहान काम सुचवायचं, ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेता येतं. मी सोसायटीबाहेरच्या पदपथाला उतार सुचवला होता, सासऱ्यांची व्हीलचेअर अडायची म्हणून. झाला. एक वर्ष लागलं, पण झाला. लहान पालिकांत असं काही आहे का?

माजी सदस्या, प्रभाग ७

कोथरूडकर, कागदावर त्याहून मोठं आहे. राज्याच्या कायद्यात २००९ साली क्षेत्रसभा आली, म्हणजे मतदान केंद्रांच्या भागातल्या मतदारांची सभा, नगरसेवकाने घ्यायची. पाच वर्षांत मी दोन घेतल्या. पहिलीला सतरा माणसं, दुसरीला पाऊस.

वेशीजवळचा

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. वसुलीच्या काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. फीत आईनेच धरली आणि माझ्यापेक्षा नीट धरली, शेवटी माप घेणं तिचं काम. ११ चौ.मी. म्हणजे मागचं अंगण निघालं, उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधतो ते. जुन्या उताऱ्यात 'वीट-माती, पत्रा' अगदी पेनाने, सुंदर अक्षरात लिहिलंय. उताऱ्याला मात्र तीन फेऱ्या पडल्या. रजिस्टर कपाटात, कपाटाची चावी कोणाकडे तरी, तो माणूस साइटवर.

सुनावणी पालिकेच्या वरच्या हॉलमध्ये. टोकन ६४. नाष्ट्याला आलेले पोहे संपले तरी विसावा नंबर चालू होता. माझ्या आधीच्या आजोबांनी गटारापासून सुरुवात केली, साहेब 'बरं' म्हणाले. मला काका आठवले. आजोबांना बाहेर गाठून त्यांची नोटीस बघितली, त्यांच्या घराला पोटमाळा मजला म्हणून धरलाय. त्यांना परत आत पाठवलं, लिपिक वैतागला.

माझा नंबर आला तेव्हा साहेबांनी आधी छताचा फोटो पाहिला आणि काही न बोलता आरसीसीवर रेघ मारली. अंगणावर म्हणाले, फेरमोजणी करू. बिगरनिवासीवर अडले. 'शिलाई होते ना तिथे? पैसे घेता ना?' आई मागे उभी होती, तीच बोलली, 'घेते साहेब, पन्नास-साठ, ते पण उधारी.' मला वाटलं गेलं सगळं. त्यांनी वीजबिल उलटंपालटं केलं आणि विचारलं, 'मशीन मोटारचं आहे का पायाचं?' आई म्हणाली पायाचं. यावर ते हसले. ती खोली निवासी लिहा म्हणाले.

आठवड्याने कनिष्ठ अभियंता आणि लिपिक येऊन मोजून गेले. या वेळी खरी फीत. काल आदेश हातात पडला: ८१ चौ.मी., दर ७, करयोग्य मूल्य ६,१२४, सगळे कर मिळून साधारण १,८४०. १,२६० पेक्षा जास्तच, पण घर आता आमचं आहे. आईने या वेळी अभियंत्यांना चहा दिला नाही, पाणी दिलं.

ताई, पुढची सर्वसाधारण सभा २८ तारखेला आहे, मला दुसरी शिफ्ट आहे. सकाळी अकराला असेल तर बाकड्यावर बसून येतो.

वसुलीचा माणूस (निवृत्त)

छान. आता गाफील राहू नका. सुनावणीत कमी झालेलं कागदावर कमी होतं, संगणकात कोणीतरी चढवावं लागतं. अंतिम यादी लागली की उताऱ्याची नक्कल काढा आणि एप्रिलनंतर येणारं मागणी बिल त्याच्याशी ताडून बघा. जुनाच आकडा आला तर आदेशाची प्रत लावून अर्ज, तोही दोन प्रतीत. आणि पोटमाळ्याच्या आजोबांचं काय झालं ते पण कळवा.